एक वीत अलीकडे

सांबऱ्याच्या मष्णूला रवळूचा हेवा वाटायचा. बारीकसारीक नव्हे, चांगलं दाणावैरण घालून पोसलेल्या बैलासारखा दांडगा हेवा. आणि गावाच्या डोळ्यांचं कौतुक असं, की एवढं मोठं जनावर मष्णूच्या पोटात वर्षानुवर्षं उड्या मारत होतं, पण ते कुणाला दिसलं नाही. गाव आपलं म्हणत राहिलं, "मष्णू आन् रवळू म्हंजे एका ताटात जेवणारं दोस्त."

एका ताटात जेवत होते, हे खरं. पण त्या ताटातला मोठा घास कुणाकडे जातो, ते मष्णूलाच ठाऊक.

दोघे आट्यापाट्या खेळायचे. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडकं सांगायला हवं. मैदानावर नऊ आडव्या पाट्या आखायच्या. पाटी म्हणजे हातभर रुंदीचा पट्टा, आणि प्रत्येक पट्ट्यात समोरच्या संघाचा एकेक गडी हात पसरून उभा. त्याला हुलकावणी द्यायची, त्याचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, अशा नऊ पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि तसंच नऊ पाट्या ओलांडून परत यायचं. सगळ्यांत पहिली ती कपाळपाटी. परतताना तिच्यातून दोन्ही पावलं बाहेर पडली की लोण झालं, डाव जिंकला. त्याआधी हात लागला, की गडी मेला.

रवळू या खेळातला राजा होता. दिसायला काही नाही. काटकुळा, गुडघ्यात थोडा फेंगडा, बाजारात शेजारून गेला तर कुणी वळून बघणार नाही असा. पण मैदानात उतरला की बेळगावपासून निपाणीपर्यंतचे पाटीवाले कपाळाला हात लावायचे. "डोळ्याम्होरं हुता रं," ते सांगायचे, "हात घातला तर तितं कुणीच न्हाय!"

मष्णू त्याच्यापेक्षा उंच, त्याच्यापेक्षा ताकदीचा, आणि मेहनतीत तर दुप्पट. पहाटे उठून तो शेताच्या बांधावरून धावायचा, दूध-अंडी खायचा, पायांना तेल चोळायचा. रवळू यातलं काही करायचा नाही. तो उशिरा उठायचा आणि मळलेली चड्डी घालून जांभया देत मैदानावर यायचा. आणि लोण करून परत यायचा. मष्णू जीव तोडून सातव्या पाटीपर्यंत पोचायचा आणि तिथे मरायचा. गावात शिरताना विहिरीवरच्या बायका मष्णूला विचारायच्या, "रवळूनं आज किती लोणं केली रं?" मष्णूने काय केलं हे एकीनेही कधी विचारलं नाही. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, निपाणीच्या मैदानावर आपलं नाव रवळूच्या आधी घेतलं जावं, एवढंच मष्णूला हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं, पण ते पुरं होईना.

सन एकतीसच्या माघात निपाणीच्या जत्रेत सांबऱ्याची गाठ बोरगावशी पडली. शेवटचा सामना. तंबाखूच्या वखारींमागचं मैदान माणसांनी नुसतं उतू चाललेलं. जिंकणाऱ्या संघाच्या म्होरक्याला गुलाबी फेटा मिळायचा, आणि सांबऱ्याचा म्होरक्या तेव्हा रवळू. फेटा पितळी ताटात घालून सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवलेला. पंच होते श्रीपाद मास्तर, बेळगावच्या एका शाळेतले. बारीक, चष्मेवाले, आणि उभ्या जन्मात कुणाची भीड न धरलेले.

सांबऱ्याच्या दोन पद्धती होत्या. संघाचे म्हातारे वस्ताद मारुतीराव यांनी त्या घालून दिलेल्या. पहिली अशी, की कपाळपाटीतून बाहेर पडणाऱ्या गड्याने तोंड पाटीवाल्याकडेच ठेवायचं आणि पाठमोरं सरकत बाहेर यायचं, म्हणजे पाटीवाल्याचे हात नजरेआड होत नाहीत. पण मग मागची रेघ दिसत नाही. म्हणून आपल्याच संघाचा मेलेला एखादा गडी बाहेर, त्याच्या पाठीशी उभा राही, आणि दोन्ही पावलं बाहेर पडली की "लोण!" अशी हाक देई. दुसरी पद्धत अशी, की हाक कानावर आली की नाचायचं नाही, ओरडायचं नाही, आधी वाकून कपाळपाटीची चिमूटभर माती कपाळाला लावायची. बाकी गावांचे लोक याला हसायचे. सांबरेकर हसत नसत.

त्या दिवशी मष्णू तिसऱ्याच पाटीवर मेला. संघात सगळ्यांत आधी तो मेला. म्हणून हाक द्यायला तो बाहेर उभा राहिला. एक एक करून सगळे मेले, उरला एकटा रवळू, आणि तो परतीच्या आठ पाट्या उतरून कपाळपाटीवर आला. तिथे बोरगावचा शामू होता, लांब हातांचा आणि थंड डोक्याचा. रवळूने डावीकडे जायची हूल दिली, शामू झुकला, आणि रवळू उजवीकडून त्याच्या बगलेजवळून आत घुसला. आता तो पाटीतच होता, शामूकडे तोंड करून, मष्णूकडे पाठ करून. हलग्या कडाडत होत्या, लोक दोरी तोडून आत येऊ लागले होते.

मष्णूला रवळूची घामाने निथळणारी पाठ दिसली. त्याचं उजवं पाऊल बाहेर पडलेलं दिसलं. डावं अजून पाटीत होतं, रेघेच्या एक वीत अलीकडे. आणि रवळूच्या खांद्यावरून पलीकडे त्याला तो गुलाबी फेटा दिसला.

"लोण!" मष्णू ओरडला.

रवळू थांबला. वाकला. त्याची बोटं मातीत गेली, आणि शामूने अगदी सावकाश, बाळाला थोपटावं तसा, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घाई झाली, असं मष्णूने त्या क्षणापासून स्वतःला सांगायला सुरुवात केली. घाई झाली नव्हती. पाऊल कुठे आहे ते त्याने नीट बघितलं होतं. याही वेळी फेटा रवळूच्याच डोक्यावर चढणार, हा एक विचार त्याच्या डोक्यात होता, आणि तोंड उघडलं ते त्या विचाराने.

श्रीपाद मास्तरांनी पाऊल दाखवलं. बोरगाव जिंकलं. एवढ्या गदारोळात ती हाक दुसऱ्या कुणाच्याही कानावर गेली नव्हती. लोकांना दिसलं ते एवढंच, की सांबऱ्याचा नामांकित रवळू एक वीत अलीकडे थांबला आणि जिंकल्याच्या रुबाबात माती लावायला वाकला. मैदान हसायला लागलं. निपाणी हसली, बोरगाव हसलं, जत्रेतले शेवचिवडा विकणारेसुद्धा हसले.

मष्णू वाट बघत उभा राहिला. आता रवळू बोट दाखवणार, म्हणणार, यानं हाक दिली. रवळूने त्याच्याकडे एकदा बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान खाली घातली. मारुतीरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय केलंस रं हे?" तर म्हणाला, "चुकलं, आप्पा."

त्या नजरेचा अर्थ मष्णूने तिथल्या तिथे लावून टाकला. याला सगळं माहीत आहे, आणि हा मला पाठीशी घालतोय. हरूनसुद्धा हा माझ्यापेक्षा मोठा! हेवा मरायचा सोडून त्या दिवशी आणखी एक शिंग फुटून वाढला.

पुढचे काही महिने रवळूला फार वाईट गेले. अर्धवट राहिलेल्या कुठल्याही गोष्टीला लोक "रवळूचं लोण" म्हणू लागले. भाकरी कच्ची राहिली, रवळूचं लोण. सोयरीक ठरता ठरता मोडली, रवळूचं लोण. बेळगावच्या कचेरीत कारकुनाने अर्ज अर्धाच लिहिला तर खानापूरकडचा माणूससुद्धा तेच म्हणे, आणि रवळू कोण हे त्याला माहीतही नसे. शेवटी एके दिवशी रवळूने गाव सोडलं आणि तो जांबोटीला, जंगलातल्या त्या गावात, बाळाबाई या थोरल्या बहिणीकडे राहायला गेला. तिची भातशेती होती, गुरं होती, आणि तिथे आट्यापाट्या कुणी खेळत नव्हतं.

संघाचा म्होरक्या मष्णू झाला. झाला, आणि सात वर्षं राहिला. सात वर्षांत सांबरा एकदाही जिंकला नाही. पण त्याचं मष्णूला तेवढं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. सात वर्षं तो हरला, तरी त्याच्या नावाने कुणी धड शिवीसुद्धा दिली नाही. लोक म्हणत, "रवळू असता तर." किंवा म्हणत, "रवळूनं घोटाळा केला तवापास्नं संघाला उतरती कळा लागली." म्हणजे जिंकण्यात रवळू, हरण्यातही रवळूच. जो माणूस गावात नाही, खेळत नाही, ज्याने सगळ्यांना मान खाली घालायला लावली, त्याचं नाव रोज घरोघर निघतंय आणि आपण इथे घाम गाळतोय. बदनामीचासुद्धा हेवा वाटावा, ही वेळ देवाने फार थोड्यांवर आणली असेल. मष्णूवर आणली.

बायको रुक्माबाई जिभेची तिखट आणि नजरेची त्याहून. एकदा जेवताना कुणीतरी दारातून सांगत गेलं, की रवळू फार खंगलाय म्हणे. मष्णूने दोन भाकऱ्यांच्या जागी तीन खाल्ल्या.

"तुमास्नी त्येचं वाईट वाटतंय का बरं वाटतंय," ती ताटात आमटी वाढत म्हणाली, "ते एकदाचं ठरवा. मला कळंना झालंय."

"दोस्त हाय माझा."

"व्हय. म्हणूनच इचारलं."

सन अडतीस उजाडलं. मारुतीराव आजारी पडले. पोटात पाणी झालेलं, वैद्याने हात टेकलेले. त्यांनी मष्णूला बोलावून घेतलं आणि जवळ बसवलं.

"जांबोटीला जा," ते म्हणाले. "रवळूला घेऊन ये. म्हणावं, आप्पांनी बोलवलंय. अवंदाची जत्रा मी बघीन, फुडली न्हाय."

"आप्पा, तो एकतीस-बत्तीसचा झाला. पाय ऱ्हायलं असत्याल व्हय त्येचं?"

"मग तुजं लई पाय चालत्यात जणू!" म्हातारा म्हणाला, आणि खोकत कुशीवर वळला.

मष्णू गेला. राग आला होता, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. सात वर्षांनी रवळू कसा दिसत असेल? वाकलेला, दारूने सुजलेला, दात पडलेला? बेळगावहून जांबोटीचा तो लांबचा रस्ता त्याने चालत तोडला, आणि प्रत्येक वळणावर रवळूचं एक एक हाड मोडत गेला.

रवळू खळ्यावर होता. भाताची मळणी चालली होती, चार बैल मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती फिरत होते. रवळू हाडकला होता, केस कानशिलांवर पांढरे झाले होते. मष्णूच्या जिवाला थंड वाटलं. तेवढ्यात कडेच्या बैलाने अचानक शिंग उगारलं, आणि रवळू बाजूला झाला. नुसता झाला. पाऊल उचललेलंही दिसलं नाही. बैलाचं शिंग हवेत फिरलं आणि रवळू दुसऱ्या बाजूने त्याच्या पाठीवर हात फिरवत उभा. सात वर्षं बांधावरून धावलेल्या मष्णूने आपल्या पायांकडे बघितलं.

बाळाबाईने चहा दिला. रवळूने सगळं ऐकून घेतलं. आप्पांचं ऐकून त्याचे डोळे भरले.

"येतो," तो म्हणाला. "पर एक हाय, मष्णू. कपाळपाटीवर भाईर तूच उभा ऱ्हायचं."

मष्णूने मान वर केली. "मीच? का?"

"तूच. आन् हाक देऊ नगंस. माजी दोन्ही पावलं भाईर पडली की माज्या दंडाला हात लाव. धरून हलीव. तवाच मी वाकीन."

घ्या! सात वर्षांनी पहिला टोला. दोस्ताला घरी बसवून, चहा पाजून, गोड आवाजात तोंडावर सांगितलं, की तुझ्या हाकेचा मला भरवसा नाही. आणि तरी उभा मीच राहायचं, म्हणजे मला रोज आठवण राहील. मष्णूने कप खाली ठेवला आणि "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

निपाणीला सगळे सर्व्हिस मोटारीने गेले. मारुतीरावांना घोंगडीत गुंडाळून मागच्या बाकावर निजवून नेलं. मैदानावर रवळूला बघताच हशा उसळला. "लोण आलं रं, अर्धं लोण आलं!" कुणी मुद्दाम त्याच्यासमोर वाकून कपाळाला माती लावून दाखवली. रवळू खाली मान घालून पायांना माती चोळत राहिला. आणि मष्णूला काय वाटलं म्हणता? वाटलं, सगळी निपाणी पुन्हा यालाच बघायला आली.

शेवटचा सामना पुन्हा बोरगावशीच. रवळूचा वेग उतरला होता, हे खरं. पहिल्या दोन डावांत तो पाचव्या पाटीवर मेला आणि लोक हसून हसून दमले. मष्णू सहाव्यापर्यंत गेला. पहिल्यांदाच रवळूच्या पुढे. त्याने चहूकडे बघितलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं, लोक रवळूलाच चिडवण्यात गुंतलेले.

शेवटच्या डावात सांबऱ्याला एक लोण हवं होतं. मष्णू चौथ्या पाटीवर मेला आणि ठरल्याप्रमाणे कपाळपाटीबाहेर जाऊन उभा राहिला. बाकीचे एकेक करून मेले. रवळू उरला. तो आता धावत नव्हता. थांबत होता. पाटीवाल्यासमोर इतका वेळ स्वस्थ उभा राही, की पाटीवालाच कंटाळून हात हलवी, आणि हात हलला की रवळू पार झालेला असे. नऊ पाट्या गेला. परत फिरला. हसणाऱ्या माणसांचं हसू एकेका पाटीगणिक कमी होत गेलं, आणि तो दुसऱ्या पाटीतून उतरला तेव्हा मैदानात एकही माणूस हसत नव्हता.

कपाळपाटीवर पुन्हा शामूच होता. तोही आता पिकला होता. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. शामूने हात घातला, रवळू त्याखालून निसटला, पाटीत आला, आणि पाठमोरा सरकू लागला. उजवं पाऊल बाहेर. डावं पाटीत.

दंड मष्णूच्या हाताशी होता. आता हात लावला तर रवळू वाकेल. उभ्या निपाणीसमोर दुसऱ्यांदा वाकेल, आणि मग त्याला जन्मात कुणी विचारणार नाही. मष्णूचा हात वर झाला. खोटं कशाला सांगा, झाला. पण घोंगडीतून मान काढून मारुतीराव बघत होते म्हणून, की सात वर्षांचं हरणं नको झालं होतं म्हणून, की आणखी काही, त्याचं त्यालाही कळलं नाही. हात तसाच अधांतरी राहिला. रवळूचं डावं पाऊल रेघेबाहेर आलं, टाच टेकली, बोटं टेकली, आणि मग मष्णूने दंड धरला आणि गदागदा हलवला.

रवळूने वाकून माती कपाळाला लावली. श्रीपाद मास्तर रेघेपाशी गुडघ्यावर बसले, चष्मा सावरून त्यांनी पावलं बघितली आणि हात वर केला.

मग जे काही झालं ते सांगायला शब्द नाहीत. मघाशी माती लावून दाखवणारेच रवळूला खांद्यावर घेऊन नाचले. हलगीवाल्यांनी हलग्या फुटेपर्यंत बडवल्या. घोंगडीत बसलेले मारुतीराव लहान पोरासारखे रडले. आणि मष्णू बाजूला उभा राहून टोपीने घाम पुसत होता.

फेटा द्यायची वेळ आली. म्होरक्या मष्णू, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव घेतलं, तर लोक ओरडले, "रवळूला! रवळूला बांधा!" मष्णूने बांधा म्हणून मान हलवली. रवळूने ताटातला फेटा उचलला, लोकांना गप्प केलं, आणि तो मष्णूसमोर येऊन उभा राहिला.

"ह्यो फेटा मष्णूचा," तो म्हणाला. "मी चुकलो आन् पळून गेलो. ह्येनं सात वरसं संघ धरून ठेवला. ह्येच्या जागी दुसरा कोण असता तर माझं तोंड बघितलं नसतं. आन् ह्यो मला बोलवाय जांबोटीला चालत आला." आणि त्याने तो फेटा आपल्या हातांनी मष्णूच्या डोक्यावर ठेवला.

लोक ओरडले, "मष्णू! मष्णू!" निपाणीच्या मैदानावर, रवळूच्या आधी, त्याचंच नाव. अगदी हवं होतं तसं.

आणि मष्णूच्या अंगाचा तिळपापड झाला. याला सगळं माहीत आहे. माहीत असून हा मला फेटा देतोय, लोकांसमोर देतोय, म्हणजे मी उभा जन्म याच्या उपकाराखाली वाकून राहावं. जिंकायचंही यानेच, माफही यानेच करायचं, मोठंही यानेच व्हायचं? निदान एवढं तरी याला मिळू द्यायचं नाही. पश्चात्तापाने माणसं खरं बोलतात असं म्हणतात. मष्णू बोलला तो निव्वळ जळफळाटाने.

त्याने फेटा डोक्यावरून काढला. "बास कर ही नाटकं!" तो ओरडला. "तुला ठाव न्हाय व्हय? हाक मी दिलती! तुजं पाऊल आत हुतं आन् मी हाक दिलती!"

मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वा रं गड्या! दोस्तापायी आळ अंगावर घेतोय बगा." टाळ्या पडल्या. आणखी दोघे-तिघे "मष्णू! मष्णू!" ओरडले. मष्णू तिथे थांबू शकत होता. हसून मान खाली घातली असती तर फेटाही राहिला असता आणि नावही.

पण रवळू टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हाक हुती?" त्याने विचारलं. इतक्या हळू, की मष्णूला पुढे वाकावं लागलं.

"हुती म्हणतोय न्हवं."

"खरंच हुती? माजी आण घेऊन सांग. किती आत हुतं पाऊल?"

"एक वीत. डावं." मष्णूचा आवाज आता बसला होता. "मी बगितलं हुतं. बगून हाक दिली."

टाळ्या थांबल्या. जवळच्यांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि ती शांतता मैदानाच्या कडेपर्यंत पसरत गेली.

रवळू मटकन खाली बसला. "मला वाटलं माजं कान वाजलं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, जमिनीकडे बघून. "आजूबाजूचं कुणीबी म्हणंना, हाक ऐकली. तुज्याकडं बगितलं, तर तूबी गप. म्हटलं, फेट्याच्या हावरेपणानं मलाच भास झाला. सात वरसं, मष्णू. सात वरसं माज्या कानावर माजा इस्वास न्हाय. आक्का शेतातनं हाक मारायची तरी मी उठायचो न्हाय, ती जवळ येऊन हलवंपत्तुर. तिची पोरं मला येडा मामा म्हणत्यात."

मष्णू बघत राहिला. सात वर्षं तो ज्याच्यावर जळत होता तो मोठ्या मनाचा, सगळं जाणून गप्प बसलेला रवळू कुठे नव्हताच. कधीच नव्हता. होता तो हा एक बावचळलेला माणूस, ज्याला आपल्या दोन कानांचा भरवसा राहिला नव्हता.

"रवळू," तो म्हणाला.

रवळू उठला. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही, आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. मारुतीरावांजवळ जाऊन त्याने त्यांची घोंगडी सावरली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आप्पा, हाक हुती." म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग चौघांनी मारुतीरावांना उचललं, आणि सगळा सांबरा त्यांच्यामागून मोटारीकडे चालू लागला.

मष्णू मैदानात एकटाच राहिला, हातात फेटा धरून. लोक त्याच्या बाजूने जात होते, त्याच्याकडे बोट दाखवून त्याचं नाव घेत होते. त्याने पोटात चाचपून बघितलं, पण रवळूचा हेवा आता तिथे नव्हता. मोटारीचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा, आणि आपल्याला बोलावतायत की आपल्याला सोडून निघालेत, हे त्याला कळेना.